सोनाजी कोंडीबाचा पत्ता

कळमनुरीच्या बाजाराला लागून असलेल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीतून शेतीचे एक मासिक निघत असे, आणि त्याच्या तीनशे चाळीस वर्गणीदारांचे पत्ते छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत, अक्षराला अक्षर जुळवून, सुतळीने बांधून, भिंतीकडच्या फळीवर कायमचे मांडून ठेवलेले असत. दर महिन्याच्या वीस तारखेला शेषराव त्यांवर शाईचा रूळ फिरवी, चिठ्ठ्या छापी, कात्रीने कापी आणि खळीने अंकांच्या वेष्टनांवर चिकटवी. कुणी गाव बदलले, तर तेवढीच ओळ चिमट्याने उपसून पुन्हा जुळवायची. शाळा सातवीत सुटलेल्या शेषरावाला हे एकच काम येत होते, आणि ते तो जीव लावून करी.

चौऱ्याहत्तर सालच्या सुरुवातीला सोनाजी कोंडीबा नावाच्या नव्या वर्गणीदाराने त्याला पिडायला सुरुवात केली. त्याचे पहिले पोस्टकार्ड आले, मुक्काम डोंगरकडा. शेषरावाने ओळ जुळवली. अंक परत आला. वेष्टनावर पेन्सिलीचा शेरा होता : या नावाचा इसम येथे राहत नाही. लगोलग दुसरे कार्ड, पत्ता बदलला, वारंगा फाटा. पुन्हा खिळे उपसा, पुन्हा जुळवा, आणि अंक पुन्हा परत. तिसऱ्या कार्डावर खुद्द कळमनुरीतली, शेषरावाच्या घरामागची गल्ली होती. तो स्वतः तिथे दारोदार विचारून आला. असला माणूस कुणी पाहिलेला नव्हता. तोही अंक परत आला.

मालक माणिकराव यांनी तिन्ही अंक त्याच्यापुढे टाकले.

"शेषराव, तुमी पत्ते जुळवून राहिले का माझी थट्टा करून राहिले?"

शेषराव खाली मान घालून म्हणाला, "मालक, त्याचं नावच काढून टाकतो."

"काहून? सालाची वर्गणी भरली त्यानं. अंक गेला पाहिजे, अन् परत न्हाई आला पाहिजे. आणखी एक जरी परत आला, तर नांदेडहून दुसरा माणूस आणतो मी."

त्या दुपारी वैतागाच्या भरात शेषरावाने सोनाजी कोंडीबाच्या नावाखाली स्वतःच्या घराचा पत्ता जुळवला. कामगार म्हणून त्याला एक अंक टपालाने मिळतच असे. आता त्याच दारात दोन येतील, दुसरा ट्रंकेत टाकला की झाले. ना परत येणे, ना बोलणी.

आणि खरोखरच पीडा टळली. रोज त्याच्या ओट्यावर टेकून पाणी पिणारा पोस्टमन वसराम दोन्ही अंक देऊन गेला, काहीही न विचारता. पुढच्या महिन्याचा अंक ठेवायला शेषरावाने ट्रंक उघडली, तेव्हा मात्र आधीच्या अंकाचे वेष्टन फाटलेले होते, पानांचे कोपरे दुमडलेले होते आणि कपाशीवरच्या लेखातल्या ओळींखाली कुणी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. बायकोला, मंजुळेला, वाचता येत नव्हते. त्याने चिडून विचारले, तर तीच उलट चिडली.

"तुमीच तं वाचत बसले होते काल दुपारी ओट्यावर. च्या बी दिला मी."

काल दुपारी तो कचेरीत होता. पण ऊन फार होते, दुपारच्या झोपेत बाई काहीबाही पाहते, असे म्हणून त्याने ते तिथेच सोडले. मनातून मात्र त्या सोनाजीला चार शिव्या हासडल्या.

तिसऱ्या महिन्यात, अंक टपालात पडून चार दिवस झाल्यावर, ओळखीच्या अक्षरातले कार्ड आले : पत्ता बराबर आहे. आता बदल करू नये.

शेषरावाचे डोके फिरले. मालक काय म्हणायचे ते म्हणोत, ही ओळच आता उपसून टाकायची, असे ठरवून तो फळीकडे वळला, तोच माणिकराव परत आलेला एक अंक घेऊन आत आले. वेष्टनावर वसरामच्या अक्षरात शेरा होता : या नावाचा इसम येथे राहत नाही. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पत्ता शेषरावाच्या घराचा होता, आणि नाव शेषरावाचे.

"आता हा शेषराव कोण आणखी?" माणिकराव त्याच जुन्या वैतागाने म्हणाले. "काढून टाका ही ओळ, सोनाजी."

ती हाक इतकी रोजच्यासारखी होती, की "व्हय मालक" म्हणून त्याचा हात चिमट्याकडे गेला.