मुलुंडच्या कपाटातला लोकरी कोट

मी कोट बोलतोय. वकील घालतात तो काळा डगला नव्हे. चांगला जाडजूड, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा बायकांचा कोट. जन्म मुलुंडचा. ज्या गावात थंडी पडली म्हणजे पंखा एक खटका कमी करतात, तिथं माझा जन्म व्हावा हीच मुळात थट्टा.

मला शिवलं रतन टेलरनं. त्याचा हात ब्लाउज आणि शाळेच्या गणवेशांवर बसलेला. असला कोट त्यानं जन्मात बेतला नव्हता. मोबाइलवर चित्र बघत त्यानं मला कापलं आणि चुकण्याच्या भीतीनं शिवणीत भरपूर कापड राखून ठेवलं. मापं द्यायला अक्षता आली ती भर मे महिन्यात. गळ्यावरचा घाम पुसत म्हणाली, बाह्या जरा लांब ठेवा, तिकडे हातमोजे घालावे लागतात म्हणे.

तिकडे म्हणजे इंग्लंडात, लीड्सला. तिचा नवरा सर्वेश तिथल्या एका मोठ्या स्वयंपाकघरात कामाला. बरीच वर्षं राबल्यावर त्याला कायमचं राहायची परवानगी मिळाली. मग तो मुलुंडला आला, लग्न केलं आणि हळद उतरायच्या आत परत गेला. अक्षता सासूसासऱ्यांजवळ राहिली. ती पाठोपाठ जाणार हे मांडवातच ठरलं होतं, म्हणून माझी एवढी घाई.

घाई कसली न् काय. तिथल्या सरकारचा नियम असा की बायकोला आणायचं तर नवऱ्याची कमाई ठरलेल्या आकड्याइतकी हवी. सर्वेशची थोडी कमी पडत होती. कमी पडेल तिथं शिल्लक दाखवता येते, पण ती भक्कम हवी आणि सलग सहा महिने खात्यात हात न लावता पडून राहायला हवी. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. अग्नीच्या साक्षीनं सात पावलं चालले ते त्यांना मान्य आहे, पण जोडीला बँकेची साक्ष लागते.

त्या शिलकीसाठी घर कसं पिळून निघालं ते मी कपाटातून ऐकलंय. अक्षताच्या बांगड्या गेल्या. सासूबाई विमलाबाईंच्या पाटल्या गेल्या. सासरे काशीराम, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचे भाऊ, औषध कंपनीतून निवृत्त झाले तेव्हाचा फंड त्यांनी तसाच्या तसा काढून दिला. सर्वेशनं राहिलेलं सगळं पाठवलं. सगळे पैसे अक्षताच्या खात्यात पडले आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं घर त्यावर बसून राहिलं. वरण पातळ झालं, पण खात्याला कुणी हात लावला नाही.

मी तिच्या शालूच्या शेजारी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकत होतो. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की अक्षता मला काढायची, पंखा फुल करायची आणि मला अंगात घालून आरशासमोर उभी राहायची. फोनवर सर्वेशला म्हणायची, बघ, मॅडम दिसते की नाही? तो हसायचा. माणूस मिळत नसला की माणसं वस्तूंना धरून बसतात, हे मी तेव्हा शिकलो. ती माझ्या खिशात हात घालून उभी राहायची आणि तिच्या तळहातांच्या घामानं माझं अस्तर ओलं व्हायचं.

मध्ये सर्वेश आठवडाभराच्या रजेवर येऊन गेला. तो गेल्यावर कळलं, अक्षताला दिवस गेलेत. घरात आनंद झाला आणि त्याच्या पाठीला पाठ लावून भीती आली. हिशेब तसा जमत होता. सहा महिने भरून व्हिसा हाती येईपर्यंत पोट फार मोठं होणार नव्हतं, विमानात बसता आलं असतं. बाळ बापाच्या हातात जन्माला यावं, एवढ्या एका गोष्टीसाठी ती बाई जगत होती.

सहा महिने भरले. व्हिसाचं काम बघणाऱ्या मृणालिनी वकिलांनी तिला घाटकोपरच्या ऑफिसात बोलावलं. अक्षता मला पिशवीत घालून घेऊन निघाली, कारण येताना रतनकडून माझ्या शिवणी उसवून मला ऐसपैस करून घ्यायचं होतं. मी तिच्या मांडीवर होतो. वकीलबाई बँकेचे कागद उलटत होत्या आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मधल्या एका महिन्यात शिल्लक खाली गेली होती. चारच दिवस, मग पुन्हा भरली होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, हे चालणार नाही, आता त्या दिवसानंतर सहा महिने धरावे लागतील, आणि तोवर तुमचे विमानात बसायचे दिवस उलटून जातील. पिशवीचे बंद अक्षतानं इतके आवळून धरले की मला आतून कळलं. रतनच्या दुकानावरून ती तशीच पुढं निघून गेली.

घरी आल्यावर पिशवी तिच्या खांद्यालाच होती. "भाऊ, खात्यातनं पैसे तुम्ही काढलेले का?"

भाऊ टीव्ही बघत होते. म्हणाले, "हो, समईचे. पेन्शन झाल्यावर लगेच भरले की परत. का गं?"

गोष्ट अशी होती. सावंतवाडीकडच्या त्यांच्या गावी, ग्रामदेवतेच्या जत्रेत भाऊंनी गाऱ्हाणं घातलं होतं: सुनेचा व्हिसा होऊ दे, तुला चांदीची समई वाहीन. नवस काम झाल्यावर फेडायचा असतो. पण डॉक्टरांनी भाऊंच्या छातीचा कागद बघून मान हलवली आणि या माणसानं धसका घेतला. आपण मध्येच गेलो तर न फेडलेला नवस पोरांच्या मानेवर बसेल. त्या खात्याचं अक्षताचं कार्ड सांभाळायला त्यांच्याकडेच दिलेलं होतं. व्हिसा व्हावा म्हणून केलेला नवस त्यांनी व्हिसाच्याच पैशातून आगाऊ फेडला. तो पैसा मोजला जातोय हे त्यांना ठाऊक होतं, पण चार दिवसांची उसनवारी कुठलं सरकार बघत बसेल, असं त्यांना वाटलं.

अक्षतानं सगळं सांगितलं. एरवी सुनेशी शहरी बोलणारे भाऊ एकदम मालवणीवर आले. "माका काय म्हायत गो बाय. देवाचा देणा ठेवू नये, इतक्याच माका म्हायत."

अक्षता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग बाळाला बाप मी फोनमध्येच दाखवू का?"

त्या दिवसापासून भाऊ ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. विमलाबाई एकदा नवऱ्याची बाजू घ्यायच्या, एकदा सुनेची, आणि शेवटी भांडी घासत बसायच्या. अक्षता सर्वेशला म्हणाली, सगळं सोड आणि इकडे ये. तो म्हणाला, आलो तर कमाईच बंद होईल, मग तुला कधीच आणता यायचं नाही. तिनं विचारलं, मग मी काय करू? त्यानं पुढच्या पगाराची तारीख सांगितली. मला त्याचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्याच्याकडे तरी दुसरं काय होतं?

पावसाळ्यात माझ्या कॉलरवर पांढरी बुरशी आली. अक्षता मला घेऊन फरशीवर बसली, अवघडलेल्या पोटानिशी, आणि ओल्या फडक्यानं पुसू लागली. पुसता पुसता तिनं माझ्यात तोंड खुपसलं. ती रडली ते मी सांगत नाही. मी लोकरीचा आहे, पाणी धरून ठेवतो, मला वाळायला दोन दिवस लागले.

खालच्या मजल्यावरची ऋता शिकायला लीड्सला निघाली होती. अक्षतानं मला तिच्या हातात दिलं. विमलाबाई कळवळल्या, अगं, मग तू जाशील तेव्हा काय घालशील?

"जाईन तेव्हा बघू, आई," अक्षता म्हणाली. "हा तरी पोचू दे."

ऋताची बॅग आधीच तुडुंब, म्हणून तिनं मला अंगातच घातलं. तिकडच्या विमानतळावर काचेमागच्या साहेबानं तिला खूप विचारलं. फी कोण भरतंय, राहणार कुठं, खात्यात किती आहे. मला कुणी काही विचारलं नाही. ज्या दारासाठी एक घर सोन्यापासून पेन्शनपर्यंत निथळलं, त्या दारातून मी फुकट आत आलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आता मी सर्वेशच्या खोलीत, दारामागच्या खुंटीला असतो. मुलगी मुलुंडला झाली. हा तेव्हा कामावर होता. कामावरून आला की तो मला खुंटीवरून काढतो, मांडीवर घेतो आणि फोन लावतो. पलीकडे अक्षता बाळाला उचलून दाखवते. आता थोडेच दिवस, असं दोघं एकमेकांना सांगतात, आणि मागून भाऊ विचारतात, नवा काय नियम आला नाही ना? बाळ पडद्याकडे बघत नाही, पंख्याकडे बघतं. फोन ठेवला की सर्वेश माझ्या लांब बाह्या स्वतःच्या गळ्याभोवती घेतो आणि बसून राहतो.

मी बराच वेळ धीर धरतो. पण मी कोट आहे हो. माझ्यात माणूस असेल तरच मला ऊब देता येते. या पोराला मी नुसता जड लागतो. जे कुणी इथं आकडे लावून बसले असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: माझ्या मापाची बाई मुलुंडला आहे. तिला येऊ द्या.