गणपतीत काढलेला पासवर्ड

आमच्या वायफायचा पासवर्ड मीच काढायला लावला. गणपतीला मुंबईहून दोघे दीर, जावा, त्यांची पोरं, वर आरतीला आमचं निम्मं मांडवी गाव, आणि प्रत्येक जण चपला काढायच्या आधी विचारणार, "दमयंतीकाकी, पासवर्ड काय?" मोदक वळता वळता तेच ते सांगून माझी जीभ झिजली. शेवटी पुतण्याला म्हटलं, "काढून टाक तो. गणपतीत आपण दाराला कडी घालत नाही, मग याला कशाला?" गौरीबरोबर गणपती गेले, पाहुणे गेले. दाराला कडी लागली, वायफायची राहून गेली.

दिवाळीनंतर एका सकाळी मी बांगडे साफ करत होते, तेव्हा पोलीस आले. एक फौजदारबाई आणि दोन शिपाई. गावातल्या एका कॉलेजच्या मुलीला महिनाभर कुणीतरी घाणेरडे मेसेज पाठवत होतं आणि ते सगळे आमच्या घरच्या कनेक्शनवरून गेले होते. घरात आम्ही दोघंच. मी आणि आमचे हे, रावजी. तीस वर्षं जहाजावर स्वयंपाक करून आलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

बाईंनी मला आत नेऊन विचारलं, "काकी, घरात फोनवर जास्त कोण असतं?"

"हे बसतात की पडवीत," मी म्हटलं. "तासन्‌तास. मी जवळ गेले की फोन पालथा घालतात."

मला कुणी दरडावलं नव्हतं. माझं मी बोलले. वर आणि, यांना जीपमध्ये बसवताना फाटकाशी जाऊन हळूच विचारलं, "खरं सांगा, तुम्ही नाय ना केलंत?"

"तूसुद्धा गो?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी सोडलं, फोन ठेवून घेतला. यांचं जेट्टीवर गप्पांना जाणं बंद झालं. समोरच्या विमलाने नातीला आमच्याकडे पाठवायचं थांबवलं. मला विमलाचा असा संताप आला की तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनवावेत. पण कुठल्या तोंडाने? मी स्वतः आठ दिवस माझं अंथरूण माजघरात घालत होते. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी आतून कडी लावत होते. हे लिहितानाही मान खाली जाते.

वीस दिवसांनी खरा माणूस सापडला. आमच्या मागच्या दगडी गडग्यापलीकडे पर्यटकांना खोल्या देतात, तिथे दोन महिने राहून गेलेला कुणीतरी. आमचं वायफाय गडगा ओलांडून त्याला आयतं मिळत होतं.

फौजदारबाई स्वतः फोन परत द्यायला आल्या. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा त्या यांना सांगत होत्या, "काका, वाईट वाटून घेऊ नका. काकीच म्हणाल्या, तुम्ही फोन लपवता. मग आम्हाला संशय येणारच. आत बघतो तर काय, नुसता रंगीत गोळ्या फोडायचा खेळ."

तो खेळ मला माहीत होता. शिमग्याच्या सुमारास मीच चार बायकांत हसले होते, म्हातारपणी पोरखेळ सुचलाय म्हणून. तेव्हापासून ते फोन पालथा घालत होते.

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कप घेतला, बशीत चहा ओतला आणि प्यायले.

वायफायला आता लांबलचक पासवर्ड आहे. यांनी मात्र स्वतःच्या फोनचं लॉक काढून टाकलं. रोज चहाच्या वेळी फोन माझ्यासमोर उताणा ठेवतात, "बघ" म्हणतात आणि पाय धुवायला जातात. आवाजात राग नसतो. मी त्या फोनला हात लावत नाही. काल धीर करून म्हटलं, "नका हो असं करू. चुकलं माझं."

"असू दे गो," ते म्हणाले. "परत कोणी विचारलंन, तर तुला सांगायला बरं."