पाणमांजराची डावी पापणी

पेंढेकाकांनी उभ्या आयुष्यात मूठभर पेंढासुद्धा कुठल्या प्राण्यात भरला नव्हता. आत लाकडाचा भुसा आणि तारा जायच्या, वरून कातडं चढायचं. पण मेलेल्या कोल्ह्या-तरसांना पुन्हा पायांवर उभं करणाऱ्या माणसाला गल्लीने दुसरं काय म्हणावं? नाव पडलं ते पडलंच. पापण्या आणि मिशा बसवण्याचं नाजूक काम काकूंकडे असायचं. त्या काकू काही महिन्यांपूर्वी गेल्या आणि काका रडले नाहीत. त्या दिवशी नाहीत, नंतरही नाहीत.

हे लेकीच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून तिने आणि जावयाने त्यांना इथे आणलं. पाठीशी डोंगर, पुढ्यात समुद्र, मध्ये जुना किल्ला. अशा जागी माणूस मोकळा होतो, असं जावयाला कुणीतरी सांगितलं होतं, आणि जावई एकदा कामाला लागला की समोरच्याची सुटका नसते.

"बाबा, तो कडा बघा!"

"छान आहे."

"बाबा, गरुड! वर, वर!"

"छान आहे."

खाली खडकांवर पाणमांजरं पसरली होती. लोक फोटोंसाठी एकमेकांना ढकलत होते. काका दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. सगळं खरंच छान आहे, हे त्यांना कळत होतं. आतपर्यंत मात्र काही पोचत नव्हतं. शेवटी आपल्यातच पेंढा भरला गेला, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याचंही हसू आलं नाही.

"मिशा दाट आहेत," ते म्हणाले.

लेकीला राहवलं नाही. "बाबा, तुम्हाला आईचं काहीच वाटत नाही का हो?"

"वाटायला हवं," काका म्हणाले. "नाही वाटत. काय करू, सांग."

वारा झोंबायला लागला होता, म्हणून जावयाने दोघांना किल्ल्यातल्या संग्रहालयात नेलं.

तिथल्या बाई एक पाणमांजर टेबलावर ठेवून ब्रशने धूळ झटकत होत्या. काकांनी आधी त्याच्या पायाखालचा प्लास्टरचा खडक ओळखला. तो त्यांनीच केला होता. मग त्यांची नजर डोळ्यांवर गेली. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली होती.

काकूंची ही कायमची खोड. काका कुरकुरले की त्या म्हणायच्या, "अहो, झोपेतून उठल्यावर तुमचे तरी दोन्ही डोळे सारखे उघडतात का?" काका चिमटा उचलायचे आणि पापणी सरळ करायचे. तशी एकही त्यांनी दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. हे पाणमांजर तेवढं निसटलं होतं. तेव्हा ते तापाने अंथरुणाला खिळलेले होते आणि काकूंनीच खोका बंद करून पाठवून दिला होता.

"याचा डोळा बिघडलाय," बाई म्हणाल्या. "नीट करून घ्यायचाय."

"मग आमचे सासरे आहेत की!" जावई म्हणाला. "जन्मभर हेच तर केलंय त्यांनी."

बाईंनी खुशीने चिमटा पुढे केला. काकांनी चष्मा चढवला. हात सवयीने पापणीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"बाबा, काय झालं?"

"हे तुझ्या आईच्या हातचं आहे." काकांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "बाकी सगळीकडचं मी पुसून टाकलं गं."

लेक जवळ आली आणि तिने त्यांचा दंड धरला. काकांनी चिमटा टेबलावर ठेवला.

"याला हात लावू नका," ते बाईंना म्हणाले. "बरोबर बसवलीये तिने."

उभ्या संसारात हे त्यांनी काकूंना एकदाही म्हटलं नव्हतं.