ह्यांची मुलगी

कुटुंब न्यायालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिथे अनुवादक बसायचा. तोंडावर त्याला सगळे साहेब म्हणत आणि पाठ फिरली की 'जैसे थे'. लोकांच्या जबान्यांचं इंग्रजी करताना एकवीस वर्षांत त्याने एक शब्द पदरचा घातला नव्हता की एक गाळला नव्हता. कुणी जबानीत शिवी हासडली, तर तेवढ्याच वजनाची इंग्रजी शिवी सापडेपर्यंत हा शब्दकोशात डोकं खुपसून बसायचा. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि जरा जास्तच होता.

एका सकाळी त्याच्या टेबलावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईची जबानी आली. तिचा नवरा चार महिन्यांपूर्वी कामावर असताना पडून वारला होता. घरात उरल्या ती आणि अकरा वर्षांची मुलगी. मुलगी नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. ती बिचारी पोरीचा पहिला वाढदिवसही न बघता गेली. आता त्या मुलीच्या सख्ख्या मामाने अर्ज केला होता, की पोर आमच्या ताब्यात द्या. पोर कुणाकडे राहणार, एवढंच ठरायचं होतं.

बाईची जबानी साधी, सरळ होती. ह्यांची मुलगी तीन वर्षांची असताना मी या घरात आले. ह्यांच्या मुलीला दमा आहे, औषधाचा पंप दप्तराच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते मला माहीत आहे. ह्यांच्या मुलीला गणित जमेना, तेव्हा मी तिच्याबरोबर पाढे नव्याने पाठ केले. दोन पानं भरून ह्यांची मुलगी, ह्यांची मुलगी. 'माझी' हा शब्द औषधालाही नव्हता.

मामाचा अर्ज इंग्रजीतच होता. भाचीला तो आठ वर्षांत तीनदा भेटलेला, पण अर्जात ओळीआड 'अवर चाइल्ड' आणि 'अवर लिटल गर्ल'.

अनुवादकाने पेन खाली ठेवलं. इंग्रजीत हे शब्द किती सैल हाताने वाटतात, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. शाळेतल्या बाई वर्गातल्या चाळीस पोरांना 'माय चिल्ड्रन' म्हणतात, खेळाचे मास्तर 'माय बॉइज' म्हणतात, महिन्याभरापूर्वी लग्न केलेला माणूस बायकोच्या लेकीला 'माय डॉटर' म्हणून मोकळा होतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. म्हणूनच त्या भाषेत 'माझ्या नवऱ्याची मुलगी' असं पुन्हा पुन्हा लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटणार, हिने पोरीला चार हात लांबच ठेवलंय. न्यायाधीश मूळ जबानी वाचणार नव्हते. ते याचं इंग्रजी वाचणार होते.

शेजारच्या टायपिस्टबाईंनी दोन्ही पानं वाचली आणि म्हणाल्या, "अहो, ती बाहेर बाकावरच बसलीय. बोलवा आणि विचारा, असं का म्हणते म्हणून."

तो म्हणाला, विचारणं म्हणजे सुचवणंच. आज मी सुचवलं तर उद्या मामाचा वकील माझ्या अंगावर येईल. यात खोटं काही नव्हतं. पण आपला नेम मोडायचा नाही, यातच त्याला खरं सुख होतं, हेही तितकंच खरं. टायपिस्टबाई पुन्हा टाइप करायला लागल्या.

दुपारी त्याने बाईला आत बोलावून जबानी वाचून दाखवली. ती मान हलवत ऐकत होती. सही करताना मध्येच थांबून तिने विचारलं, काही चुकलं का? तो म्हणाला, नाही, तुम्ही सांगितलं तसंच आहे.

सात आठवड्यांनी निकाल आला. तो पक्षकाराला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं कामही याचंच. न्यायाधीशांनी मन लावून लिहिलं होतं. बाई कष्टाळू आहे, मुलीची नीट काळजी घेते, सगळं होतं. मग ते वाक्य आलं. तेही त्याने जसंच्या तसं वाचलं. संपूर्ण जबानीत या बाईंनी मुलीला एकदाही आपली म्हटलेलं नाही. त्या स्वतःच तिला परक्याची मानतात असं दिसतं.

बाई खालच्या आवाजात म्हणाली, "ती चार वर्षांची असताना मी एकदा तिच्या आजीसमोर माझी मुलगी म्हणाले. आजी उठून आत गेली आणि रडली. लेक गेलेली हो तिची. तेव्हापासून ठरवलं, तो शब्द तिच्या आईचा. आता आजीही नाही, पण जिभेला वळण तेच पडलंय. पोर मला आईच म्हणते." मग तिने विचारलं, "आता सांगितलं तर चालेल का?"

वरच्या कोर्टात जाता येतं, असं तो म्हणाला. पण तिथे सहसा नवी जबानी घेत नाहीत, आहे तीच वाचतात.

"कुणी विचारलंच नाही मला," ती म्हणाली.

या वाक्यावर त्याला बोलायला हवं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरी त्याने पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. रविवारी सकाळी दहा वाजता मुलीला कपडे, पुस्तकं आणि औषधांसह मामाच्या हवाली करावं.

तिने डोळे पुसले आणि एक काम सांगितलं. मामीला मराठी वाचता येत नाही, तर पंपाबद्दल एक चिठ्ठी इंग्रजीत लिहून द्याल का? त्याने कोरा कागद ओढला.

"ह्यांच्या," ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "तुमच्या मुलीला धूळ चालत नाही."

त्याचा हात थांबला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने विचारलं, "बाई, 'तुमच्या' असंच लिहू?"

"हो," ती म्हणाली. "तसं लिहिलं की नीट सांभाळतील."