पालथ्या वाट्या

"उमे, ह्या तीन वाट्या फळीवर पालथ्या का घालतीस गं? भरल्या घरात पालथं भांडं बरं नसतंय. सोळा वर्षं सांगायलेय तुला."

"चुकलं, आत्याबाई," उमादेवी म्हणाली. तिनं वाट्या उताण्या केल्या आणि सासूची पाठ वळताच पुन्हा पालथ्या घातल्या.

"तुला सांगणं म्हंजी पालथ्या घड्यावर पाणी," नागुबाई माजघरातून म्हणाली. आपली सून आपल्याला पुरती ठाऊक आहे, असं तिला वाटे. वाटेना का.

वाट्या पितळेच्या, एकीच्या काठाला पोचा. नवऱ्याच्या, चारठाण्याच्या मन्मथअप्पा किराणावाल्याच्या, घरात उमेनं माहेरची म्हणावी अशी वस्तू एवढीच. बाकीचं माहेर काकानं लग्नाआधीच पुसून टाकलं होतं, अगदी बापासकट. बाप ईश्वरअप्पा चांगल्या व्यापारी घरातला. पण ऐन तारुण्यात हैद्राबादच्या कुण्या उस्तादाच्या नादी लागला आणि बाजारोबाजार जादूचे खेळ करत हिंडू लागला. असल्याची पोर कोण करून घेणार? काकानं सांगून टाकलं, बाप प्लेगात वारला. झालं. अकराव्या वर्षी उमा उजवली गेली. तेव्हापासून दर श्रावणात तिच्या सासरी तिच्या बापाच्या नावानं जंगमाला, लिंगायतांच्या पुजाऱ्याला, जेवू घालतात, आणि वाढायला तीच असते. बाप कुठंतरी जिवंत आहे, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक. बोललं तर काका खोटा, सासर फसलेलं आणि आपण उघड्यावर. म्हणून तोंड मिटून ती जंगमाच्या पानात तूप वाढायची.

बापाला मुलगा नव्हता. अकरा खेळ होते, ते त्यानं उमेच्या बोटांत घातले. लग्नाच्या आदल्या दिवशी काकाच्या नकळत वाट्या हातात देऊन म्हणाला, "कागदावर उतरवू नको, पोरी. कागद कुनाच्याबी हाती लागतो. हाताला रोज राबव, हात इसरत न्हाईत. अन् एक ध्यानात ठेव. खेळ पुरा झाला तरच वाटी उताणी करायची. अर्धा ऱ्हायला तर पालथीच ऱ्हाऊ द्यायची."

तिनं ठेवलं ध्यानात. डाळ निवडताना पैसा गडप करायचा खेळ, पैशाच्या जागी तुरीचा दाणा. शेवया वळताना तुटल्या दोरीचा. भाकरी थापताना नुसतं मनगट. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, पण बोटं मात्र दिवसाकाठी अख्खा बाजार हिंडून यायची. पोटच्या दोन पोरांनाही आईच्या हातात काय आहे, हे कधी कळलं नाही.

एकच चूक झाली, आणि ती कळली तेव्हा फार उशीर झाला होता. सासू ऐकेल म्हणून तिनं सगळं तोंड मिटून घोटलं होतं. जादूच्या खेळाला बोल असतात. लोक बोल ऐकतात तेवढ्यात हात आपलं काम करून घेतो. उमेनं हाताला राबवलं, जिभेला नाही. दहा खेळांचे बोल कसेबसे टिकले. तीन वाट्यांच्या खेळाचा शेवटचा बोल मात्र गेला तो गेलाच. "एक वाटी सासरची, एक वाटी म्हायेरची, तिसरी वाटी कोनाची?" इथवर यायचं आणि पुढं भिंत. तिसऱ्या वाटीखाली लिंबू नेमकं त्याच बोलावर सरकवायचं असतं. विचारायचं तरी कुणाला? वारलेल्या बापाला?

त्या बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानासमोर डमरू वाजला. उमेच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तो ठेका तिनं पाळण्यात असल्यापासून लग्नापर्यंत ऐकला होता.

दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. बाप केवढा वाळला होता. डोईला मळका पटका, कानाशी पांढरे केस. "ठाण्याच्या अमीनसायबाची इजाजत हाय, मायबाप, भिऊ नका," म्हणत त्यानं चादर अंथरली, वाट्या मांडल्या. आवाज तोच, खणखणीत. पण हात थरथरत होते. पैशाचा खेळ कसाबसा निभावला. वाट्यांचा खेळ आला आणि उमेनं फटीला कान लावला.

"एक वाटी सासरची, एक वाटी म्हायेरची, तिसरी वाटी कोनाची?"

तेवढ्यात लिंबू बाहीतून निसटलं आणि घरंगळत दुकानाच्या पायरीशी गेलं. बाजार खो खो हसला.

"उस्ताद, लिंबं इकायलास का?" मन्मथअप्पा गादीवरून ओरडला. "काय भाव?"

त्या हसण्यातही म्हाताऱ्यानं बोल पुरा केला. अर्धा खेळ ठेवायचा नाही ना. "न्हाई कोनाची! जो उचलंल त्याची!"

उमेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बोल सापडला होता, आणि ज्याच्याकडून सापडला त्याच्यावर तिचाच नवरा हसत होता. तिला नवऱ्याचा राग आला, आणि आपलाही.

खेळ आवरून म्हातारा दारोदार शिधा मागत फिरला. तो त्यांच्या घराच्या दाराशी येऊन बसला तेव्हा नागुबाई आत अंबाडी निवडत बसली होती. "माझे गुडघे उठू देत न्हाईत. घाल गं त्याला शिधा. दारातूनच घाल, पदर वढून."

उमेनं फळीवरच्या तीन वाट्या घेतल्या. एकीत पीठ, एकीत डाळ, एकीत मीठ. एक लिंबू पदराआड. दारात येऊन तिनं तिन्ही वाट्या त्याच्या झोळीत रिकाम्या केल्या आणि उंबऱ्यावर एका ओळीत पालथ्या मांडल्या.

म्हाताऱ्यानं काठाचा पोचा पाहिला. त्यानं मान वर केली नाही. भिकारी दुवा देतो त्या सुरात तो म्हणाला, "एक वाटी सासरची, माय. एक वाटी म्हायेरची. तिसरी वाटी कोनाची?"

आणि थांबला.

"न्हाई कोनाची," उमा हळूच म्हणाली. "जो उचलंल त्याची."

त्यानं तिसरी वाटी उचलली. खाली लिंबू होतं. ते तिथं कधी गेलं, हे समोर बसून त्यालाही दिसलं नव्हतं.

"काय बोलायलीस गं त्याच्याशी?" आतून नागुबाई.

"वाटी उचल म्हनलं, आत्याबाई."

म्हाताऱ्याचे डोळे तिच्या बोटांवर होते, तोंडाकडे एकदाही गेले नाहीत. "चिमूटभर पीठ सांडलं न्हाई," तो आत ऐकू जाईल असं म्हणाला. "सुनंचा हात लय साफ हाय, माय. बापानं शिकिवलं जनू."

"कुठला बाप," नागुबाई म्हणाली. "प्लेगात वारला बिचारा. दर सालाला जंगम जेवू घालतो आमी त्याच्या नावानं."

म्हाताऱ्यानं झोळीचं तोंड बांधलं.

"लय चांगलं करता, माय," तो म्हणाला. "पोटभर वाढत जा."

लिंबू मुठीत धरून तो उठला आणि डमरू वाजवत जिंतूरच्या वाटेला लागला. उमेला वाटलं, उंबरा ओलांडावा, बापाला एकदा हाक मारावी. पाय हलले नाहीत. हातांना सोळा वर्षं राबवलं होतं, पायांना नाही.

डमरू ऐकू येईनासा झाला तेव्हा तिनं वाट्या धुतल्या, पुसल्या आणि फळीवर ठेवल्या. नागुबाई भिंतीला धरून उठली, तिचं फळीकडे लक्ष गेलं. तिन्ही वाट्या उताण्या.

"शिरलं म्हनायचं एकदाचं डोक्यात," ती खुशीत म्हणाली. "सोळा वर्षं लागली."

"हो, आत्याबाई," उमा म्हणाली आणि राहिलेली डाळ निवडायला बसली.