सांग तिले

कूलरच्या टाकीत होळीचा उरलेला गुलाबी रंग कोणी टाकला, हे कळायला पंचांग उघडायची गरज नव्हती. मनकर्णाबाई काल दुपारी पांढऱ्या पातळात कूलरसमोर निजल्या आणि ठिपक्याठिपक्यांच्या पातळात उठल्या. असला उद्योग करणारी त्या घरात दोनच माणसं होती. एक थोरल्या सुनेचा सात वर्षांचा कुणाल, दुसरी धाकटीची सहा वर्षांची शिवानी. दोघं पलंगाखाली सापडली, हात कोपरापर्यंत गुलाबी, आणि वरून "आम्ही नाही" म्हणायला तयार.

दुसऱ्या कुठल्या घरात दोघांच्या पाठीत एकेक धपाटा बसला असता आणि विषय संपला असता. इथे मात्र गुन्हा काय यापेक्षा पोर कोणाचं, हे आधी पाहिलं जाई.

"कुणाल," थोरली सुचिता स्वयंपाकघरातून कडाडली, "सांग तिले, पोट्टीले आवर म्हणा. माह्या पोराले बिघडवून राहिली."

ती 'तिले' म्हणजे धाकटी जाऊ पूनम, चार हातांवर अंगणात कपडे वाळत घालत होती आणि तिचे दोन्ही कान शाबूत होते. तरी तिने मान वळवली नाही. "शिवानी," ती म्हणाली, "सांग त्याईले, रंगाचा डब्बा कोणाच्या अलमारीतून निघाला, ते पाहा म्हणा पहिले."

पोळ्यापासून हे असं चाललं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळं पांढुर्णा गाव गोटमारीची दगडफेक पाहायला जाम नदीवर गेलेलं असताना, ही दोन पोरं अंगणात लाकडी बैलांची टक्कर लावत होती. कुणालच्या बैलाचं शिंग मोडलं, कुणालने शिवानीची वेणी ओढली, पूनमने कुणालच्या कानाखाली एक ठेवून दिली. झालं. गोटमारीतले दगड निदान संध्याकाळी थांबतात. या घरातले थांबले नाहीत. दोघी जावा एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या, आणि जे काही सांगायचं ते पोरांच्या तोंडून जाऊ-येऊ लागलं.

नुसता अबोला असता तर सुचिताने तो लोणच्यासारखा वर्षभर मुरवला असता. पण आठवडाभराने एक दिवस कुणाल तिच्या मांडीला खेटून बसला आणि म्हणाला, "आई, काकू म्हणे, आडातच नाही तं पोहऱ्यात कुठून येईन? मायच तशी, तं लेकीले काय वळण राहीन?"

सुचिताच्या आईला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. माहेरी, रामाकोन्याच्या घरात, आईचं पातळ अजून दोरीवर असल्यासारखं तिला वाटे. जित्या माणसाला कोणी काही म्हणो, सुचिता दुप्पट परत करायला समर्थ होती. मेलेल्या आईला म्हटलेलं ती कुठे परत करणार? त्या रात्री ती जेवली नाही आणि नवऱ्याला, राजूला, तिने बजावलं, "ज्या घरात माह्या मायचा असा उद्धार होते, तिथं मी राहत नाही. सौंसरले खोली पाहा."

राजूचं काम सौंसरच्याच कृषी केंद्रात होतं, रोजचं जाणं-येणं होतं. बिचाऱ्याने पावसाळा गेला की पाहतो, हिवाळा गेला की पाहतो, असं करत एप्रिल आणला. आता त्याच्याकडे ऋतू उरले नव्हते. आज तो खोली पक्की करायला गेला होता आणि फोन करणार होता.

आणि नेमका आजच कुरडयांचा दिवस होता.

सोमवारी भिजत घातलेले गहू काही जावांच्या भांडणासाठी थांबत नाहीत. ते आंबले, वाटले गेले, चोथा निघाला, रात्रभर चीक बादल्यांच्या तळाशी बसला. आज शिजवला नाही तर उद्या नालीत. आणि चीक शिजवणं हे एकटीचं काम नाही. एकीने उकळत्या पाण्यात बारीक धार सोडायची, दुसरीने न थांबता घोटायचं. धार जाड झाली की गाठी, घोटणारीचा हात थबकला की गाठी. 'ओत', 'थांब', 'हळू' हे शब्द पापणी लवायच्या आत पोचावे लागतात. त्या घरात मात्र ते कुणालच्या पायांनी चालत जात.

सकाळी अंगणातल्या चुलीवर पाण्याचा मोठा गंज चढला. मनकर्णाबाई भिंतीच्या सावलीत जुनं धोतर पसरून बसल्या. सुचिताच्या हातात घोटणं, पूनमच्या हातात चिकाचा तांब्या. मध्ये दोन पोरं, कढत चीक-साखरेच्या आशेने जिभल्या चाटत.

"कुणाल, सांग तिले, धार सोड म्हणा."

"काकू, धार सोड."

धार सुटली. पहिल्या चार तांब्यांना बरं चाललं. पाचव्याला धार जाड झाली.

"कुणाल, सांग तिले, बारीक..." पण कुणाल तेव्हा शिवानीच्या मानेवर मुंगळा सोडण्याच्या कामात होता. "अरे मेल्या, कुठं मेला? सांग न!"

तो सांगेपर्यंत गंजात लिंबाएवढी गाठ फिरू लागली होती.

"दोघी एकमेकीच्या तोंडाकडं पाहून बोलान तं दात पडते का तुमचे?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. गेल्या आठ महिन्यांत ते कोणी दिलंच नव्हतं.

सुचिताने गाठ घोटण्याने ठेचली. धुराने डोळे चुरचुरत होते, आणि मनात सकाळपासून फोन वाजत होता. तिला वाटलं होतं, आज तरी ही बाई नरम येईल. घर मोडायला निघालंय, हे तिला ठाऊक नव्हतं का? एकदा म्हणायचं होतं, ताई, चुकलं माहं, तुमच्या आईचं नाव घ्यायला नको होतं. एवढं एक वाक्य. त्या वाक्यासाठी सुचिता आठ महिने थांबली होती, पण ही धार सोडत होती खाली मान घालून, जशी काही हिच्याच आईचा उद्धार झाला होता.

"कुणाल," ती मोठ्याने म्हणाली, "सांग तिले, पोटभर खाऊन घे म्हणा यंदाच्या कुरड्या. पुढल्या साली आम्ही सौंसरले राहू."

कुणाल सांगायला वळला आणि अर्ध्यात थांबला. "आम्ही? म्हणजे मी बी?"

"तू नाही तं कोण?"

"अन् शिवानी?"

"तिची माय पाहीन तिचं."

पोराचा चेहरा उतरला. मुंगळा हातातून सुटून गेला, तेही त्याला कळलं नाही.

"शिवानी," पूनमचा आवाज आला, जरा कापरा, "सांग त्याईले, जायचं असन तं खुशाल जा म्हणा. पण लोकाईले सांगत फिरू नका, का धाकटीनं हाकललं. मी काय केलं, ते तं सांगा एकदा."

हे ऐकून सुचिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घोटणं गंजात तसंच उभं राहिलं, आणि पोळ्यानंतर पहिल्यांदा ती सरळ पूनमच्या तोंडाकडे वळली.

"काय केलं विचारते? माह्या मेलेल्या मायले नाव ठेवलं तू! आडात नाही तं पोहऱ्यात कुठून येईन, असं म्हटलं! तिची राख थंडी नव्हती झाली, पूनम!"

पूनमच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मी? तुमच्या आईले?"

"मंग कोण, मी?"

"कसम खाऊन सांगते, ताई, मी नाही म्हटलं. पोहरा का असते, ते मले लग्न होऊन इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या छिंदवाड्याच्या घरी नळ होता." तिचाही आवाज आता चढला. "अन् तुम्ही? माह्या हातची भाजी गाईपुढं टाकली म्हणे तुम्ही. माही पोरगी काळतोंडी हाय म्हणे. मी एका शब्दानं बोलली का तुम्हाले?"

"मी कवा म्हटलं असं?"

दोघींनी एकदमच खाली पाहिलं. पोरं तुळशीच्या आडून जिन्याकडे सरकत होती.

सुचिताने कुणालचा दंड धरला. "इकडं ये. काकूनं म्हटलं होतं का ते? खरं सांग, नाही तं आज चामडी लोळवीन."

कुणालने आधी आजीकडे पाहिलं, मग शिवानीकडे. आजीने तोंड फिरवलं. शिवानी रडायलाच लागली आणि रडता रडता सगळं ओकली. "तुम्हीच विचारत होत्या न, मोठीआई. काकूनं काय म्हटलं सांग, कुल्फी देते. मम्मी बी देत होती. काहीच नाही म्हटलं, असं सांगितलं तं कोणीच नाही देत होतं."

म्हणजे असं. आठ महिने घरात जे आगीचे बोळे इकडून तिकडे जात होते, ते ही दोन कार्टी गच्चीवर बसून वळत होती. आणि कुल्फी खात होती. सुचिताचा हात उठला. पण त्याआधी एक गोष्ट तिच्या डोक्यात खुपली. काळतोंडी हा शब्द पोराला येतो, तो गल्लीतला आहे. भाजी गाईपुढे टाकणंही येतं. पण आड आणि पोहरा?

"ते पोहऱ्याचं तुले कोणी शिकवलं?" तिने विचारलं. विचारू नये, असं तिला विचारता विचारताच वाटलं.

"तूच," कुणाल म्हणाला.

"मी?"

"तू मावशीले फोनवर म्हणे न, गोटमारीच्या दिवशी." आणि त्या पोराने, मार चुकवण्याच्या धांदलीत, जसंच्या तसं करून दाखवलं. डावा हात कमरेवर, उजव्या हाताचा फोन कानाला, ओठ सुचितासारखे एका बाजूला ओढलेले. "'अवं, आडातच नाही तं पोहऱ्यात कुठून येईन? तिची मायच तशी, ब्लाउज शिवता शिवता लेकीले वळण लावाचं राहून गेलं.' ब्लाउजचं मी नाही सांगितलं, आई. आपली रामाकोन्याची आजी ब्लाउज नाही शिवत होती न."

सुचिताच्या हातातून त्याचा दंड सुटला.

म्हण सुचिताच्या आईचीच होती. रामाकोन्याला ती उठता-बसता म्हणायची, नवऱ्याला, शेजाऱ्याला, दुधात पाणी घालणाऱ्याला. सुचिताने ती माहेराहून आणली आणि पूनमच्या आईवर फेकली, त्या बाईवर जिने विधवापणी मशीन चालवून तीन लेकी उजवल्या. पोराने नुसतं त्या म्हणीचं तोंड तिच्याकडेच वळवून दिलं. आठ महिने सुचिता ज्या शब्दांनी जळत होती, ते तिच्याच चुलीवर शिजलेले होते. लाज कशी वाटते, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

पूनमने तांब्या बादलीवर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "जा तुम्ही सौंसरले. आता मलेच नाही राहायचं तुमच्यासंग." आणि आपल्या खोलीत निघून गेली. शिवानी मागे पळाली.

अर्धा चीक बादलीत राहिला. गंजातल्यावर साय धरू लागली. ओट्यावर सुचिताचा फोन वाजला. राजूचा होता. तो वाजून वाजून बंद झाला, पण सुचिता चुलीपुढून उठली नाही. जीभ एवढी चालणारी बाई, आणि एक वाक्य तोंडात तयार होईना. आठ महिने जे दुसरीच्या तोंडून ऐकायचं होतं, तेच आता आपण म्हणायचं होतं.

"कुणाल," शेवटी ती म्हणाली, "सांग काकूले..."

पुढे तिला काही सुचलं नाही. पण कुणाल होता कुठे? तो केव्हाच पूनमच्या खोलीत शिरला होता. तिथे पोरांची कुजबूज झाली. मग तो धावत आला, धापा टाकत, आणि सराईतासारखं एका दमात म्हणाला, "आई, काकू म्हणते, जाऊ नका."

सुचिताने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलताना त्याचा डावा डोळा बारीक होतो, हे तिला तो दोन वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. तो आता बारीक होता, आणि पाण्याने भरलेला होता.

त्याच वेळी आतून शिवानीचा आवाज आला, चांगला अंगणभर ऐकू येईल असा. "मम्मी, मोठीआई म्हणते, चुकलं माहं."

फोन पुन्हा वाजायला लागला.

पूनम दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल होते आणि त्यांत माया नव्हती. "हे तरी तुम्ही म्हटलं का?" तिने सरळ सुचितालाच विचारलं. "का हे बी पोट्ट्याईनंच बनवलं?"

बनवलेलंच होतं. नाही म्हणायला सुचिताला अर्धा शब्द पुरला असता, आणि फोन तर हातभर अंतरावर वाजत होता. कुणालने तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"म्हटलं," ती म्हणाली. मग पूनमकडे बघत पुन्हा म्हणाली, "मीच म्हटलं. चुकलं माहं."

पूनमने पदर खोचला, चुलीपाशी आली आणि गंजातलं घोटणं हातात घेतलं.

"मंग तो फोन उचला, अन् वापस या म्हणा त्याईले," ती म्हणाली. "अन् धार तुम्ही धरा आता. घोटाचं काम मी करते. ते माह्या मायनं शिकवलं मले."