त्रेचाळीस मिलिसेकंद

एकाच कॉम्प्युटरवर तीन ऑपरेटिंग सिस्टिम तपासायच्या, असं रेकॉर्डिस्टने सकाळी मनावर घेतलं. माइकसमोर कपावर चमचा वाजवायचा आणि तो आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, काम एवढंच. पण हा प्राणीच हट्टी. प्रत्येकीसाठी तीस-तीस वेळा चमचा बडवायचा त्याने घाट घातला. विकतचीला सहा मिलिसेकंद लागले, फुकटचीला पाच. बायको दारातून म्हणाली, "कप फुटेल अशानं. एका मिलिसेकंदानं कुणाचं काय अडलंय?"

त्याचं अडलं होतं. त्याला थोरल्या बहिणीचा, ताईचा आवाज हवा होता.

बारा वर्षांपूर्वी ताई याच खोलीत गायला उभी राहिली होती. हेडफोनमध्ये तिचाच आवाज तिला ऐकू येत होता, आणि दर ओळीला ती तालाच्या मागे पडत होती. "ताई, रखडतेयस. पुन्हा घे," असं त्याने तिला अकरा वेळा ऐकवलं, तेही चार वादकांच्या देखत. मग तिने हेडफोन काढून ठेवला, चप्पल घातली आणि ती निघून गेली. पुढे येणं-जाणं चालू राहिलं, चहापाणी चालू राहिलं, पण गाणं तिने टाकलं ते टाकलंच. अजूनही काम करता करता तो आवाज त्याला आठवायचा.

तिसरी सिस्टिम त्या काळची. जुन्या डिस्कवर ती तेव्हाच्या सेटिंगसकट तशीच पडून होती. त्याने चमचा वाजवला. त्रेचाळीस. पुन्हा वाजवला, तरी त्रेचाळीसच. सेटिंग उघडून पाहिलं तर खरखर येऊ नये म्हणून बफरचा, म्हणजे आवाज साठवून मग पुढे सोडायचा आकडा त्यानेच भरमसाट वाढवून ठेवलेला. ताईचा आवाज तिच्याच कानात उशिरा पोचत होता आणि ती बिचारी त्याच्यासाठी थांबत होती.

त्याने तडक फोन लावला.

"ताई, त्या दिवशी तू मागे पडत नव्हतीस. मशीन मीच चुकीचं लावलं होतं."

"ठाऊक आहे मला. घरी येऊन टाळी धरून गायले होते. सगळं बरोबर होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"ताई चुकणार नाही, असं तुझ्या मनात येईल म्हणून वाट बघितली रे."

"आता ये ना," तो कसाबसा म्हणाला. "पाचावर आणलंय मी."

"आणलं असशील," ताई मायेने म्हणाली. "पण आता मी खरंच मागे पडेन."